थरांच्या आधीचा थर

सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं गाव आहे. गाव लहान, पण भूगर्भशास्त्रात त्याच्या नावाचा खडक आहे: कोटा फॉर्मेशन. त्यातल्या चुनखडीतून दगड झालेले मासे निघतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ठाऊक आहे. याच खोऱ्यात, नदीपलीकडे, बारापासॉरस हा अजस्र डायनोसॉर मिळाला. वडधमच्या जीवाश्म उद्यानात जाणारी माणसंही डायनोसॉरच्या ओढीनेच जातात. मला मात्र त्याच खडकातल्या, मिलिमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या एका वस्तूबद्दल लिहायचं आहे.

1981 साली पी. एम. दत्ता यांनी कोटा फॉर्मेशनमधल्या एका दाढेचं वर्णन प्रसिद्ध केलं. भारतात नोंदलेला ज्युरासिक काळातला तो पहिला सस्तन प्राणी. नाव ठेवलं कोटाथेरियम हाल्डेनाय, जे. बी. एस. हाल्डेन यांच्यावरून. पुढे आणखी काही जाती मिळाल्या. 2007 मध्ये वर्णन झालेल्या एकीचं नाव गोंडथेरियम. हे प्राणी चिचुंद्रीएवढे असावेत. हाती आले ते मुख्यतः सुटे दात. प्राणहितेच्या खोऱ्यात डायनोसॉरांच्या पायाखालून फिरणाऱ्या त्या जिवांच्या डोक्यात काय होतं, हे दातावरून कळत नाही.

आणि नेमकं तेच जाणून घ्यायला हवं. ताडोबातला वाघ, त्याच्या तोंडचं चितळ आणि जिप्सीत उभं राहून दोघांचे फोटो काढणारा पर्यटक, या तिघांच्याही मेंदूच्या सालीत, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, चेतापेशींचे सहा थर असतात. वटवाघळातही आणि उंदरातही मूळ मांडणी तीच. पण त्याच जंगलातल्या घोरपडीच्या मेंदूत सहा थर नाहीत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कॉर्टेक्समध्ये तीन थर असतात आणि चेतापेशींची खरी दाटी त्यांतल्या एकाच थरात असते. म्हणजे तीनाचे सहा कधीतरी झाले. 2011 मध्ये टिमथी रो आणि सहकाऱ्यांनी चीनमध्ये सापडलेल्या मॉर्गन्युकोडॉन आणि हॅड्रोकोडियम या पुरातन सस्तन-वंशीयांच्या कवट्या सीटी स्कॅनने तपासल्या आणि वासाचा भाग व कॉर्टेक्स फुगत गेल्याचं दाखवलं. कवटीच्या आतल्या पोकळीवरून मेंदूचा आकार कळतो. थर कळत नाहीत. ते शोधायचे तर खडक सोडून गर्भाकडे जावं लागतं.

थर डोळ्यांना दिसले ते बरेच आधी. 1776 मध्ये पार्मा इथे वैद्यक शिकणाऱ्या फ्रांचेस्को जेन्नारीला गोठवलेला मेंदू कापताना सालीच्या आत एक पांढरी रेघ दिसली. 1840 मध्ये पॅरिसच्या बायार्जे यांनी मेंदूची पातळ चकती दोन काचांमध्ये धरून उजेडासमोर नेली आणि सहा पट्टे मोजले. सूक्ष्मदर्शकही वापरला नाही. 1909 च्या कोर्बिनियन ब्रॉडमनच्या ग्रंथानंतर सहा हा आकडा पक्का झाला. ब्रॉडमनचा एक आग्रह मात्र पाठ्यपुस्तकांतून गळून गेला. सहा थर हे मूळ रूप आहे असं तो म्हणे, ते गर्भाच्या आधारावर: मानवी गर्भात सहाव्या ते आठव्या महिन्यात ही सहा थरांची अवस्था दिसते आणि मग कॉर्टेक्सचा एकेक भाग आपापल्या वळणाने बदलतो, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्या पिढ्यांनी त्याचे नकाशे उचलले, गर्भ बाजूला ठेवला.

त्याच्या आधी वीसेक वर्षं स्पेनमध्ये सांतियागो रामोन इ काहाल गर्भाकडेच बघत होता. प्रौढ मेंदू म्हणजे घनदाट जंगल, त्यात एकेक झाड ओळखता येत नाही, म्हणून तो गर्भ आणि नवजात पिल्लं घेई आणि गॉल्जीच्या चांदीच्या रंगपद्धतीने थोड्याच पेशी काळ्या करून त्यांचे आकार काढी. 1890-91 च्या सुमारास लहान सस्तन प्राण्यांत त्याला सर्वांत वरच्या थरात मोठ्या, आडव्या पसरलेल्या पेशी दिसल्या. थोड्याच वर्षांत स्वीडनच्या गुस्ताव रेट्झियसने मानवी गर्भातही त्या दाखवल्या. आज त्यांना काहाल-रेट्झियस पेशी म्हणतात. अडचण अशी की प्रौढ मेंदूत त्या सापडेनात. त्या मरतात, रूप बदलतात की वाढत्या सालीत विरळ होऊन हरवतात, यावर कित्येक दशकं वाद चालला. तोवर त्यांचा उपयोग काय हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. प्रौढपणी नसलेली गोष्ट महत्त्वाची नसणार, असं शरीरशास्त्राने मनोमन धरलं होतं, आणि या विषयाचा निम्मा इतिहास त्या गृहीताने अडवून ठेवला.

कोणती पेशी आधी जन्मली आणि कोणती नंतर, हे रंगवलेल्या पेशीकडे नुसतं बघून कळणं शक्य नव्हतं. ते 1961 मध्ये कळलं. बोस्टनमध्ये जे. बी. अँजेवीन आणि रिचर्ड सिडमन यांनी गाभण उंदरीला किरणोत्सारी ट्रिटियम जोडलेलं थायमिडीन टोचलं. थायमिडीन हा डीएनएचा घटक. त्या दिवशी जी पेशी विभाजनाच्या तयारीत असेल ती ते उचलते. त्यानंतर ती लगेच चेतापेशी होऊन विभाजन थांबवून बसली, तर ती खूण तिच्यात कायमची राहते, आणि फोटोच्या रसायनाचा लेप दिला की ती पेशी काळ्या ठिपक्यांनी ओळखू येते. आधी टोचलेल्या उंदरांत ठिपके खोल थरांत दिसले, नंतर टोचलेल्यांत वरच्या. पेशी जन्मतात मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीलगत, आणि तिथून बाहेरच्या दिशेने चालत जातात. प्रत्येक नवी पेशी आधी पोचलेल्यांना ओलांडून त्यांच्या वर जाऊन बसते. सहावा थर आधी, मग पाचवा, चौथा, आणि दुसरा सगळ्यांत शेवटी. 1972 मध्ये पास्को राकिच यांनी माकडाच्या गर्भात दाखवलं की या पेशी रेडियल ग्लिया नावाच्या लांबलचक तंतूंना बिलगून वर चढतात. आणि 2001 मध्ये कळलं की हा तंतू ज्या पेशीचा, तीच बहुधा चढणाऱ्या पेशीची जन्मदात्रीही असते. सरड्या-कासवांत हा क्रम उलटा: तिथे नव्या पेशी जुन्यांना ओलांडत नाहीत, त्यांच्या आतल्या बाजूलाच थांबतात. तेव्हा तीनाचे सहा होताना संख्येबरोबर चढण्याची दिशाही फिरली.

चंद्रपूरच्या माणसाला थर समजावून सांगावे लागत नाहीत. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूरच्या खाणींनी त्याला शिकवलं आहे: तळाशी तालचीर, त्यावर कोळसा पोटात घेतलेला बराकर, त्यावर कामठी, खालचा जुना, वरचा नवा. सहाव्यापासून दुसऱ्या थरापर्यंत कॉर्टेक्सही याच नियमाने चालतं. पण दुसऱ्याच्या वर पहिला थर आहे, आणि तो सर्वांत नवा असायला हवा असताना सर्वांत जुन्यांपैकी आहे. सहाव्याच्या खालीही तितक्याच जुन्या पेशींची एक पट्टी असते. म्हणजे आधी एकच थर होता, तो आडवा दुभंगला, एक भाग छताला गेला, एक तळाला राहिला, आणि बाकीचे सगळे थर मधल्या फटीत भरत गेले. खाणीत असं कधी घडत नाही.

ही गोष्ट पहिल्यांदा स्पष्ट मांडली मिगेल मारीन-पादिया यांनी. मूळचे स्पॅनिश, अमेरिकेत डार्टमथला रोगनिदानशास्त्र शिकवणारे. जगाने जुनाट ठरवलेली गॉल्जीची पद्धत ते आयुष्यभर वापरत राहिले. 1971 मध्ये मांजराच्या गर्भांवर आणि 1978 मध्ये व्यापक रूपात त्यांनी सांगितलं की कॉर्टेक्सचा पहिला थर हा एक आद्य जाळीदार थर आहे. आपण आज त्याला प्रीप्लेट म्हणतो. मानवी गर्भात तो साधारण सातव्या आठवड्यात असतो, उंदरात अकराव्या दिवसाच्या आसपास. मग पोकळीकडून नव्या पेशींचा लोंढा येतो, कॉर्टिकल प्लेट तयार होते, आणि प्रीप्लेटचे दोन भाग होतात. वरचा भाग पहिला थर, काहाल-रेट्झियस पेशींचा. खालचा भाग सबप्लेट; हे नाव 1974 मध्ये इव्हिका कोस्तोविच आणि मार्क मॉलिव्हर यांनी मानवी गर्भावरच्या कामात दिलं.

मारीन-पादिया इथे थांबले नाहीत. प्रीप्लेट म्हणजे उभयचर आणि सरपटणाऱ्या पूर्वजांकडून आलेलं जुनं कॉर्टेक्स आणि मधली प्लेट म्हणजे सस्तनांनी त्यात घातलेली नवी भर, असं त्यांनी सुचवलं. तसं असेल तर तीनाचे सहा होण्याचा तो प्राचीन प्रसंग प्रत्येक गर्भात अंशतः पुन्हा घडतो, आणि कोट्याच्या दाताने जे सांगितलं नाही ते उंदराचा अकरा दिवसांचा गर्भ सांगतो. कल्पना मोहक आहे, म्हणूनच जपून घ्यावी. ऑक्सफर्डचे झोल्तान मोलनार आणि सहकाऱ्यांनी सबप्लेटमध्ये चालू असलेली जनुकं कोंबडी, कासव आणि काही सस्तन प्राण्यांत ताडून पाहिली. काही पेशींचा वारसा खरोखर जुना दिसतो. पण सबप्लेट सस्तनांत, त्यातही माकड-माणसांत, इतकी फुगते की तिचा बराचसा भाग नवी कमाईच म्हणावा लागतो.

नामकरण करणाऱ्या समितीचा किस्सा इथेच सांगून टाकतो. 1970 मध्ये बोल्डर कमिटी नावाच्या तज्ज्ञमंडळाने गर्भातल्या मेंदूच्या थरांची अधिकृत नावं ठरवली. त्यात प्रीप्लेट नव्हती आणि सबप्लेटही नव्हती. दोन्हींना यादीत बसवणारी फेरमांडणी आली 2008 मध्ये. शास्त्रातही वस्तू आधी असते आणि दाखला मागून मिळतो.

दरम्यान एका आजारी उंदराने मोठं काम केलं होतं. 1951 मध्ये एडिंबरोच्या डी. एस. फाल्कनर यांनी झोकांड्या खात चालणाऱ्या उंदरांच्या एका वाणाचं वर्णन केलं. नाव पडलं रीलर. सत्तरच्या दशकात त्यांच्या कॉर्टेक्सचं बारीक निरीक्षण झालं तेव्हा थर ढोबळमानाने उलटे निघाले. नव्या पेशी जुन्यांना ओलांडूच शकत नव्हत्या आणि प्रीप्लेट दुभंगत नव्हती. पूर्ण थर टोपीसारखा वरच अडकून राहिलेला. 1995 मध्ये बिघडलेलं जनुक सापडलं. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला रीलिन म्हणतात, आणि गर्भाच्या कॉर्टेक्समध्ये ते स्रवतं ते मुख्यतः काहाल-रेट्झियस पेशींतून. शंभर वर्षं ज्या पेशींचं काय करायचं हे कळत नव्हतं, त्यांना एकदम काम मिळालं. माणसात हे जनुक बिघडलं तर मेंदूला पुरेशा वळ्या पडत नाहीत आणि लहान मेंदू खुरटतो, हे 2000 मध्ये दिसलं.

गोष्ट इथे संपली असती तर फार सुबक झाली असती. 2006 मध्ये शिकागोच्या एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेने उंदरांतल्या बहुतेक काहाल-रेट्झियस पेशी नाहीशा केल्या, आणि तरीही थरांचा क्रम फारसा बिघडला नाही. उरलेलं थोडंसं रीलिन पुरलं असावं. याच सुमारास आणखी एक गोष्ट स्पष्ट होत होती: या पेशी खालून वर चढून आलेल्याच नाहीत. त्यांतल्या पुष्कळशा कॉर्टेक्सच्या काठाशी असलेल्या ‘हेम’ नावाच्या अरुंद पट्टीत जन्मतात आणि पृष्ठभागावरून आडव्या सरकत सगळीकडे पसरतात. तेव्हा ‘एक थर दुभंगला’ हे चित्रही दुरुस्त करावं लागलं. छताकडच्या आणि तळाकडच्या पेशी एकाच ठिकाणच्या नव्हत्या. काही काळ एकत्र राहिल्या एवढंच.

या हेमपाशी मागोवा मुंबईत येतो. शुभा टोळे झेवियर्समध्ये शिकल्या, कॅलटेकमधून पीएच.डी. झाल्या, ग्रोव्ह यांच्याच प्रयोगशाळेत त्यांनी पुढचं संशोधन केलं आणि 1999 मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली. त्यांचा प्रश्न थरांच्याही आधीचा आहे: कॉर्टेक्स व्हायचं हे पेशींना ठरवून देतं कोण? 2008 मध्ये ‘सायन्स’मध्ये विशाखा मंगळे, टोळे आणि सहकाऱ्यांनी एलएचएक्स-2 या जनुकाबद्दल दाखवलं की ज्या आद्य पेशींत ते नसतं त्या कॉर्टेक्स होण्याऐवजी हेम होतात, आणि असं अवांतर हेम जिथे तयार होतं तिथे शेजारच्या पेशींपासून हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मृतीशी निगडित भाग, उभा राहतो. एका उंदराच्या मेंदूत एकाहून जास्त हिप्पोकॅम्पस! मात्र हे फार लवकर, चेतापेशी जन्मायला लागण्यापूर्वीच घडू शकतं. ती वेळ टळली की तेच जनुक काढूनही हेम होत नाही. टोळे यांना 2010 चा भटनागर आणि 2014 चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्यांच्या प्रयोगशाळेचं 2021 चं काम थेट सबप्लेटवरचं आहे.

ते समजायला थोडं मागे जावं लागेल. ऐंशीच्या दशकात स्टॅनफर्डमध्ये कार्ला शॅट्झ आणि सहकारी मांजराच्या गर्भात बघत होते की डोळ्याकडून येणारी माहिती कॉर्टेक्सपर्यंत नेणारे थॅलॅमसचे चेतातंतू कसे पोचतात. ते आठवड्यांपूर्वीच येऊन दाखल होतात, पण ज्या चौथ्या थरात त्यांना शिरायचं तो अजून तयार नसतो. मग ते सबप्लेटमध्ये थांबतात आणि तिथल्या पेशींशी जोडण्या करतात. 1990 मध्ये अनिर्बन घोष, शॅट्झ आणि सहकाऱ्यांनी दृष्टीच्या भागाखालच्या सबप्लेट पेशी विषाने मारल्या. तंतू आपल्या ठरलेल्या जागेखालून सरळ पुढे निघून गेले. प्रौढ मेंदूत जी पट्टी जवळपास उरत नाही, तिच्यावाचून डोळा आणि कॉर्टेक्स यांची गाठच पडत नव्हती. मुंबईच्या 2021 च्या कामाने याची मुळं आणखी मागे नेली: एलएचएक्स-2 आद्य पेशींतून लवकर काढलं तर पुढे त्यांच्यापासून झालेल्या सबप्लेट पेशी बिघडलेल्या निघतात आणि थॅलॅमसचे तंतू कॉर्टेक्समध्ये नीट शिरत नाहीत, पण पेशी जन्मून गेल्यावर काढलं तर तसं होत नाही. म्हणजे सबप्लेटची पेशी जन्माला येण्यापूर्वीच तिचं भवितव्य निम्मं ठरलेलं असतं.

आतापर्यंतचे उंदीर आणि मांजर हे माणसाचे प्रतिनिधी. माणसात सबप्लेट तेराव्या ते पंधराव्या आठवड्याच्या सुमारास ओळखू येते आणि फुगत जाते. कोस्तोविच आणि राकिच यांच्या 1990 च्या वर्णनानुसार ती एका टप्प्यावर वरच्या कॉर्टिकल प्लेटच्या जवळजवळ चौपट जाड होते. भारतात याचा तपशीलवार नकाशा आयआयटी मद्रासने केला: 2024 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला ‘धारणी’ हा संच, 14 ते 24 आठवड्यांच्या पाच मानवी गर्भांच्या मेंदूंचे पाच हजारांहून अधिक छेद. तो सगळ्यांना पाहायला खुला आहे. चोविसाव्या आठवड्यानंतरही सबप्लेट जाडच असते. चौतिसाव्याच्या पुढे ती हळूहळू विरते आणि जन्मानंतर काही महिन्यांत विखुरलेल्या पेशींपुरती उरते.

हे आठवडे गडचिरोलीला ओळखीचे आहेत. अठ्ठावीस ते बत्तीस आठवड्यांत जन्मलेलं मूल म्हणजे सातमाशी. आईच्या पोटात ज्या काळात सबप्लेटने थॅलॅमसचे तंतू सांभाळायचे, त्या काळात हे मूल बाहेर असतं आणि श्वासासाठी धडपडत असतं. ऑक्सिजनच्या तुटवड्याने सबप्लेटच्या पेशी निवडून मरतात, असं 2003 मध्ये नवजात उंदरांत दिसलं. मेंढीच्या गर्भावरच्या 2017 च्या प्रयोगात पेशी जगल्या, पण त्यांच्या शाखा नीट वाढल्या नाहीत. दोन प्राण्यांची दोन उत्तरं. माणूस मेंढीच्या जवळचा असावा असं मानायला जागा आहे, कारण मेंदूच्या वाढीचं तिचं वेळापत्रक आपल्याशी अधिक जुळतं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 1995 पासून गडचिरोली जिल्ह्यातल्या 39 गावांत घरीच नवजात बालसेवा सुरू केली, तेव्हा सबप्लेट कुणाच्या डोक्यात नव्हती. गावातल्याच, शिकवून तयार केलेल्या आरोग्यदूत बायका बाळाचं वजन करायच्या, ताप-गारठा बघायच्या, गुदमरलेल्या बाळाला पिशवी आणि मुखवट्याने श्वास द्यायच्या, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन द्यायच्या आणि कमी दिवसांच्या बाळाला उबदार पिशवीत ठेवायला शिकवायच्या. 1999 च्या ‘लॅन्सेट’मध्ये नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचं प्रसिद्ध झालं. पुढे 2005 मध्ये कमी दिवसांच्या बाळांचे वेगळे आकडे आले: त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण 33.3 टक्क्यांवरून 10.2 टक्क्यांवर आलं होतं. मोजले होते ते मृत्यू आणि आजार. मेंदूचे थर बघणं हा त्या कामाचा भाग नव्हता आणि त्या काळी गावात ते शक्यही नव्हतं. पण वेळेवर मिळालेला श्वास आणि ऊब कशाकशाला वाचवते याच्या यादीत ही पट्टी आता धरायला हवी.

आज गर्भाच्या एमआरआयमध्ये सबप्लेट स्वच्छ दिसते, तिची जाडी आठवड्यागणिक मोजता येते. नव्वदच्या दशकात त्या 39 गावांत वाचलेली सातमाशी बाळं आता तिशीच्या आसपासची माणसं आहेत. त्यांच्या मेंदूत या पेशींपैकी जेवढ्या उरल्या तेवढ्या कॉर्टेक्सच्या खालच्या पांढऱ्या भागात विखुरलेल्या असतात, आणि जिवंत माणसात त्या एकेक करून मोजण्याइतकं बारीक यंत्र अजून झालेलं नाही.